ऐनाखालची माती

जामसरला माझ्या चुलत सासूबाईंचा गवताचा माळ आहे. मी जव्हारच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षं ऋतूऋतूला त्या माळावर जाऊन गांडुळं मोजते. हातभर चौकोन आखायचा, खणायचा, माती निवडायची, गांडुळं ओळखून परत सोडायची. काकी मला गांडूळवाली म्हणतात. शिकलेली सून आणली नि ती चिखलात बसली, असं गावभर सांगतातही.

उन्हाळ्यात गांडुळं खोल जातात आणि अंगाची गाठ मारून सुकल्या मातीत पडून राहतात. श्रावणात वर येतात. शेणाखाली बारीक तांबडी, गवताच्या मुळांत राखाडी, त्याखाली लांबलचक. गवत कापून झालं की पुन्हा कमी होतात. हे सगळं मला तोंडपाठ आहे.

गेल्या पावसाळ्यात मला मुलगी झाली आणि बारशाआधीच गेली. आमच्यात एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. बायका जात नाहीत. आईला तर जागाही सांगत नाहीत, नाहीतर तिचा पाय तिथून निघत नाही म्हणे. मी नवऱ्याला विचारलं, तर त्यानंही सांगितलं नाही. मला त्याचा भयंकर राग आला. अजूनही येतो.

घरात जीव रमेना म्हणून मी लवकरच कामाला लागले. हिवाळ्यात गेले, उन्हाळ्यात गेले, तर काकी माझी पाठच सोडेनात. कोपऱ्यातल्या ऐनाच्या झाडाकडे वळले की तिकडे काटे आहेत, तिकडे साप दिसला, असं काहीतरी काढायच्या. गवत तुडवलं जाईल म्हणून त्यांचा जीव खालीवर होतोय, असं मी धरून चालले.

या श्रावणात मात्र मी हट्टालाच पेटले. ऐनाखाली गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या पसरल्या होत्या, बाकी माळावर कुठेच नव्हत्या एवढ्या. मी खुशीत खुरपं घातलं. माती लोण्यासारखी सुटली.

काकी धावत आल्या, माझ्यासमोर चिखलातच बसल्या आणि माझं मनगट धरलं.

"तठं नको, बाय. आपली पोर हाय तठं."

नवऱ्यानंच त्यांना माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, हे तेव्हा त्यांच्याकडून कळलं. मी फार खोल गेले नव्हते. हाताला लागलेली गांडुळं एकेक करून परत ठेवली, माती हातानं सारखी केली. मोजली नाहीत. मग तिथेच बसून रडले, आणि काकींनी मला उठवलं नाही.

घरी आले तेव्हा नवरा ओट्याशी तांदूळ धूत होता. माझी माखलेली साडी आणि नखं बघून त्याला कळलं असावं.

"तिथली माती मऊ आहे," मी म्हणाले. "चांगली भुसभुशीत झालीय."

तो पातेलं तसंच धरून खाली बसला.

"मी खणलं तेव्हा मुरूम लागला होता," तो म्हणाला. "हातच चालेना माझा."