डोळ्यांआधीचा फोटो

पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. मी लग्न होऊन रोह्याला आले, घरात बसून एका कंपनीसाठी कोड लिहिते, पण सीझनला माहेरी असतेच. बाबा रंगकाम बघतात आणि डोळ्यांची आखणी आई करते. गिऱ्हाईक येतं ते त्या डोळ्यांसाठी, हे बाबाही मान्य करतात. अर्थात, आई समोर नसताना. पाटीवर नाव मात्र बाबांचंच.

यंदा रामवाडीच्या मावशीने मोबाईल पुढे केला. कुठल्याशा दुकानाच्या पेजवर आमचाच गणपती, खाली लिहिलेलं: 'आमची खास आखणी'. बाबांनी तिथल्या तिथे चार शिव्या हासडल्या. आई ब्रश ठेवून आत गेली. मला ते फार लागलं. उभा जन्म जिने डोळे काढले, तिचं श्रेय कुणी फुकटात लाटायचं?

"एवढंच ना? मी बघते," मी म्हटलं, आणि उगाच नाही म्हटलं. फोटोवरच आपलं नाव असलं की तो कुणाला स्वतःचा म्हणून खपवता येत नाही, पण एकेक फोटो उघडून नाव टाकत बसायला मला वेळ नाही. क्लाउडवर त्यासाठी सेवा असते. आपल्या कोडने तिला फोटो, मजकूर आणि जागा कळवायची, ती सही उमटवून फोटो परत देते. चहा उकळेपर्यंत यंदाचे सगळे फोटो पाटीवरच्या नावानिशी परत आले. मी ऐटीत लॅपटॉप आईपुढे ठेवला.

"गो, देवाच्या पायावर नाव टाकलंस? लोक पाया पडतील ते कुणाच्या?"

सही खालच्या उजव्या कोपऱ्यात करतात, म्हणून मीही तिथेच केली होती. पण आमचे फोटो इतक्या जवळून काढलेले की कोपऱ्यात नेमकं देवाचं पाऊल. मग फोटोखाली पांढरी पट्टी वाढवून नाव तिच्यावर घेतलं. बाबा म्हणाले, "पट्टी काय, कुणीपण कापील." खरंच होतं. चोराला नडायची तर सही मूर्तीच्या अंगावरच हवी, आणि अंगावर आई टाकू देईना. मी वैतागले. कोडमध्ये तसूभर खोट नव्हती.

आई फळीवरच्या मूर्तींकडे बघत होती. त्यांची आखणी व्हायची होती.

"ह्यांचं काढ ना फोटो. डोळं आखलं नाय तवर ती मातीच हाय. मातीवर कायपण लिही."

"आणि डोळ्यांशिवाय लोक येतील काय बघायला?" बाबा उसळले.

"डोळंच बघायला येतील."

मी नवे फोटो काढले. जागा बदलली, अक्षरं मोठी, तिरकी आणि जराशी पुसट केली, छातीपासून पोटापर्यंत. मजकूरही बदलला. 'आखणी' लिहून पुढे आईचं नाव घातलं, कुणाला न विचारता. बाबांनी वाचलं, घसा खाकरला आणि ते रंगाकडे वळले. मी मनातून जाम खूश झाले.

पुढच्या रविवारी नागोठण्याचं एक जोडपं आलं. बाईंनी मोबाईलवरची सही बाबांना दाखवली. "ह्या कोण? डोळे ह्याच काढतात?"

"आमच्या कारखान्यात ना..." बाबांनी सवयीने सुरुवात केली.

आईने त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

"मी काढते," ती म्हणाली. "बसा. तुमच्यासमोरच काढते."