कानडेबाबू पंधराव्यात थांबले

गेलेली वाचा परत यावी आणि तिचा माणसाला स्वतःला काडीचाही उपयोग नसावा! गोपाळकृष्ण कानड्यांचं असंच झालं होतं, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

हा माणूस जन्मभर बोलण्यावरच जगलेला. उज्जैनच्या देवास गेट बसस्टँडवर पूछताछच्या खिडकीमागे तेहतीस वर्षं काढली. आगरची गाडी कधी, बडनगरची कुठून, शाजापूरची बिघडली की निघाली, सगळं जिभेवर. कुणी तेच तिसऱ्यांदा विचारलं की खेकसायचे, "कान घर पे रख के आए हो क्या?" लोक दचकायचे आणि तरी त्यांनाच विचारायचे, कारण कानडेबाबूंनी सांगितलेली वेळ चुकत नसे. घरी मराठी, खिडकीत हिंदी, आणि डोकं सणकलं की दोन्हींची खिचडी.

मागच्या दिवाळीनंतर त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय फरफटत का होईना चालू लागला, पण वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, "यांना समजतं सगळं, फक्त शब्द जिभेपर्यंत पोचत नाहीत." म्हणजे शिक्षा केवढी बघा! पाणी हवं असायचं आणि तोंडातून निघायचं "त... त...". लिहून दाखवावं तर डाव्या हातानं अक्षरं जुळेनात.

फ्रीगंजमध्ये मृणाल नावाची एक मुलगी अशा लोकांना बोलायला शिकवते. आठवड्यातून तीनदा अंबिकाबाई नवऱ्याला रिक्षात घालून तिच्याकडे न्यायच्या. ती चित्रांची कार्डं दाखवायची. "काका, हे काय?" केळं होतं ते. कानडेबाबूंना दिसत होतं की केळं आहे, जन्मभर खाल्लंय, पण शब्द येईल तर शपथ. एकदा त्यांनी सगळी कार्डं भिरकावली. मृणालनं ती मुकाट्यानं गोळा केली आणि म्हणाली, "ठीक आहे, परवा पुन्हा." त्या पोरीबद्दल कानडेबाबूंना फार बरं वाटलं. तेही सांगता आलं नाही.

मग फाल्गुनात एका दुपारी ते घडलं. कानड्यांच्या घरची रीत अशी की ताटावर बसलं की गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायचा, मगच घास. कानडेबाबूंचे वडील साताऱ्याहून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले, तेव्हा ट्रंकेबरोबर ही रीतही घेऊन आले. लहानपणी भुकेच्या सपाट्यात गोपाळ तो अध्याय अशा वेगानं म्हणायचा की ऐकणाऱ्याला धाप लागावी. त्या दुपारी अंबिकाबाईंनी भात वाढता वाढता सवयीनं पहिली ओळ म्हटली, आणि पुढची ओळ आली ती कानडेबाबूंच्या तोंडून! स्वच्छ, खणखणीत. मग तिसरी, चौथी, करत करत सगळे वीस श्लोक. अंबिकाबाई भाताचा डाव हातात धरून रडायला लागल्या. कानडेबाबूही रडले. मग बायकोला काही सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर "त... त...".

मृणालनं समजावून सांगितलं, "लहानपणी पाठ केलेलं असं येतं कधीकधी. चांगली खूण आहे. काकू, आता सराव वाढवायचा, सोडायचा नाही."

पण ऐकतंय कोण! गल्लीतल्या अहल्याभाभींनी दारातून तो अध्याय ऐकला आणि कपाळाला हात लावला. "भाभीजी, ये बीमारी नहीं है। इनका संसार का बोलना छूट गया, अब सिर्फ भगवान की वाणी बची है।" झालं! आठवड्याभरात शेजारणी आल्या, महिन्याभरात शेजारणींच्या नणंदा आल्या. पुढे पुढे तर महाकालच्या दर्शनाला आलेले पाहुणेसुद्धा परतताना इकडे वळायला लागले. ओसरीवर चौकी मांडली गेली, वर भैरवगढी छापाची नवी चादर, आणि त्यावर कानडेबाबू.

कुणीतरी पहिली ओळ म्हणायचं आणि यांची जीभ सुटायची. एकदा सुटली की ब्रेक नसलेल्या गाडीसारखी थेट विसाव्या श्लोकापर्यंत. थांबवू म्हटलं तरी थांबायची नाही. मग लोक पाया पडायचे. कानडेबाबू जोरजोरात मान हलवायचे, की बाबांनो नका, मी आजारी माणूस आहे. अहल्याभाभी म्हणायच्या, "देखो, मना कर रहे हैं। सच्चे संत की यही पहचान है।" एकदा चिडून त्यांनी गळ्यातला हार उपटून फेकला. तो झेलायला चौघीजणी धावल्या! आता या लोकांपुढे माणसानं करावं तरी काय?

खरा घाव बायकोचा होता. वैशाखात अंबिकाबाईंनी त्यांना फ्रीगंजला नेणं बंद केलं. "अहो, त्या कार्डांनी काय दिलं?" अंबिकाबाई त्यांच्या पायाला तेल चोळता चोळता म्हणाल्या. "कितीतरी महिने घर कसं मुकं होऊन बसलं होतं. देवानं एवढं दिलं, आता आणखी कशाला मागायचं?" कानडेबाबूंनी पाय झटकून काढून घेतला. त्यांना ओरडून सांगायचं होतं, की अगं बये, मला देव नाही व्हायचं, मला बोलायचंय! आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी मूर्ती करून टाकलीत, तर मला बोलायला शिकवणार कोण?

ते देवावरही भडकले. घेतलंस तर सगळंच घ्यायचं होतंस. हा एक अध्याय तेवढा कशाला ठेवलास, माझी चेष्टा करायला?

अशा रागातच एके दिवशी चौकीवर बसून जीभ आपली धावत होती आणि ते कंटाळून स्वतःचंच ऐकत होते. साठ वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होते म्हणा ना. पंधरावा श्लोक आला आणि त्यांना वडील आठवले. जेवण झालं की वडील सुपारी कातरत एकेका श्लोकाचा अर्थ सांगायचे, आणि गोपाळचं लक्ष बाहेरच्या गोट्यांकडे. तरी तो अर्थ कुठेतरी राहिला होता. मी सगळ्यांच्या हृदयात बसलो आहे, असं देव त्या श्लोकात म्हणतो. आठवण माझ्यापासून, ज्ञान माझ्यापासून, आणि ते जाणंही माझ्यापासूनच.

जाणंही! कानडेबाबूंच्या अंगावर काटा आला. इतके महिने ते मनातल्या मनात हिशेब विचारत होते, की मी असं कोणतं पाप केलं. इथे तर पापाचं नावही नव्हतं. येणं आणि जाणं एकाच दमात सांगितलेलं होतं, एकाच हातचं. आणि ज्याची वाचा गेली त्याच्या हृदयातून तो उठून गेला, असंही कुठे म्हटलेलं नव्हतं. सगळ्यांच्या हृदयात, म्हणजे सगळ्यांच्याच. अहल्याभाभींच्यासुद्धा, आता काय बोलणार! पण मग मी एकटा वेगळा संत कसा? आणि मी संपलेला तरी कसा? फार दिवसांनी त्यांना वाटलं, की उद्याची सकाळ लवकर व्हावी.

दुसऱ्या दिवसापासून आंघोळीच्या वेळी दार लावून त्यांनी एकच उद्योग आरंभला. मनातल्या मनात पहिली ओळ धरायची, अध्याय सुटू द्यायचा, आणि पंधराव्या श्लोकाशी थांबायचं. जीभ माझी असेल तर ती माझ्या सांगण्यानं थांबली पाहिजे. जीभ कसली थांबते! त्यांनी ती दातांखाली दाबली, रक्त आलं. बादलीवर हात आपटला. बाहेरून अंबिकाबाई कौतुकानं म्हणायच्या, "आंघोळ करतानासुद्धा नाम चालूच!" आत कानडेबाबू रागानं लाल. एकविसाव्या दिवशी जीभ थांबली. क्षणभरच, पण थांबली.

गुरुपौर्णिमेला अहल्याभाभींनी पाद्यपूजेचा घाट घातला. ओसरी भरली. अंबिकाबाई तांब्या-ताम्हण घेऊन बसल्या. नव्या जरीच्या साडीत त्या इतक्या आनंदात होत्या, की कानडेबाबूंना बघवेना. आज या पायांवर पाणी पडलं की ही चौकी आपल्याला जन्माची चिकटली, हे त्यांना पक्कं कळत होतं. पाय धुऊन झाले आणि भाभींनी पहिली ओळ म्हटली.

अध्याय सुटला. पाचवा, दहावा, चौदावा. पंधरावा संपला आणि कानडेबाबूंनी सगळा जीव जबड्यात आणला.

जीभ थांबली. कुणीतरी पुढची ओळ सुचवली. त्यांच्या कपाळावरून घाम निथळायला लागला, मान थरथरली, ओठ गच्च मिटलेले. मग ते उघडले.

"ना... नाही."

"क्या बोले?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही! नाही!"

"देखो, कितने विनम्र हैं," भाभी हात जोडून म्हणाल्या.

पण अंबिकाबाईंच्या हातातला तांब्या खाली आला. हे "नाही" त्यांच्या ओळखीचं होतं. दुधी भोपळ्याची भाजी वाढली की यायचं ते. लांबच्या लग्नाला चला म्हटलं की यायचं ते. अडतीस वर्षं या तुसड्या शब्दावर त्या वैतागल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे संत नव्हता, त्यांचा चिडलेला, घाबरलेला, घामाघूम नवरा होता.

"उठिए सब लोग," त्या म्हणाल्या. आवाज फाटला त्यांचा. "ये कोई बाबा-वाबा नहीं हैं। बीमार हैं मेरे वो। मुझसे गलती हुई।"

भाभींना राग आला, चारजणी कुजबुजल्या, पण ओसरी रिकामी झाली. अंबिकाबाई चौकीपाशी बसून रडल्या. "मी तुम्हाला बसवून ठेवलं हो. मला वाटलं, एवढं तरी आहे, तेही जायला नको. किती ओरडत असाल तुम्ही आतल्या आत!" कानडेबाबूंनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती.

थोड्या वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मृणालकडे जायचं का पुन्हा?"

"नाही," कानडेबाबू म्हणाले.

त्या चपापल्या. कानडेबाबूंना होय म्हणायचं होतं, आणि जिभेवर दुसरं काही येत नव्हतं. "नाही! नाही!" ते वैतागून ओरडले, चौकीवरून उतरले, आणि ओल्या पायांनीच डाव्या हातानं चपला ओढायला लागले.