सोनाळ्याचं बाकडं आणि माझा जळफळाट

आईला घेऊन सोनाळ्याला गेले ती मावशीच्या फोनमुळे. "आमच्या इथी बोलाचं बाकडं हाये वं. आन तिले," एवढंच ती म्हणाली. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून आई माझ्याशी 'हं' आणि 'नको' यापलीकडे बोलली नव्हती. आणि मी पुण्यात समुपदेशक! लोक वेळ ठरवून माझ्याकडे मन मोकळं करायला येतात.

जाणार असाल तर शेगावपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. बायकांना अर्धं तिकीट. शेगावला कचोरी खाल्ल्याशिवाय हलू नका. वरवट बकालनंतर पाठ जरा सांभाळा. सातपुडा जवळ दिसू लागला की सोनाळा आलंच. थंडीत जा, तेव्हा ओल्या तुरीच्या शेंगा मिळतात. मावशीकडचं भरीत आणि ठेचा मात्र तुमच्या नशिबी नाही.

बाकडं आरोग्य उपकेंद्रासमोर आहे. मूळ कल्पना झिंबाब्वेची. तिथे मन जड झालेल्यांचं ऐकायला गावच्या आज्या बाकावर बसतात. माणूस माणसांमुळेच माणूस, हा तिकडचा जुना विचार. त्यावर मी पुण्यात स्लाइडसकट भाषण ठोकलंय. इथल्या बाकड्यावर होत्या सातवी शिकलेल्या कमलबाई, मांडीवर सूप घेऊन शेंगा सोलत.

आई शेजारी बसून सोलू लागली. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दुपारी मी समोरच्या टपरीवर चहा पीत होते, तर आई बोलत होती! हातवारे करून. मग रडली, मग चक्क हसली. आनंद व्हायला हवा होता. मी जळून खाक झाले. माझी आई, माझा धंदा, आणि बाजी मारली या बाईनं!

संध्याकाळी कमलबाईंना एकटं गाठलं. "तुम्ही विचारलंत तरी काय तिला?"

"काईच नाई. म्या माह्यं सांगतलं, मंग त्यायनं त्यायचं सांगतलं."

"काय सांगितलं?"

"थे तुह्या मायले इचार."

ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हाच नियम मी शिकाऊ मुलींना शिकवते. चिडून मी त्यांना आफ्रिकेचं तत्त्वज्ञान समजावू लागले. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"अन् तू तुह्यं कोनाले सांगते वं?"

कोणालाच नाही. बाबा गेले त्या दिवशीची एक गोष्ट तर मुळीच नाही.

पुण्याला परतलो. मावशीनं पिशवीभर शेंगा दिल्या होत्या. एरवी मी आईच्या समोर खुर्ची ओढते आणि 'कसं वाटतंय?' विचारते. या वेळी शेजारी बसले, सोलू लागले.

"आई, त्या दिवशी तू सारखे फोन करत होतीस. फोनला रेंज नव्हती असं मी सगळ्यांना सांगितलं. रेंज होती. समुपदेशनाला आलेली एक बाई समोर रडत होती, म्हणून मी उचलला नाही."

आईचे हात थांबले नाहीत.

"माहीत आहे," ती म्हणाली. "रिंग वाजत होती ना."

थोड्या वेळानं तिनं तिच्या ढिगातल्या मूठभर शेंगा माझ्याकडे सरकवल्या. म्हणजे आईला माझं खोटं माहीत आहे, हे कमलबाईंना माझ्याआधी कळलं होतं. त्यांचा हेवा मला अजूनही वाटतो.