उन्हाची सवय असलेला माणूस

माझं कामच नियोजनाचं. बहारीनमध्ये सलमाबादच्या एका गोदामात कुठला माल कधी येणार, कुठे ठेवायचा, कधी बाहेर काढायचा हे मी ठरवतो. त्यामुळे इटलीची सहल ठरवताना मी घरात कुणाला तोंड उघडू दिलं नाही. एक्सेलमध्ये तक्ता केला, आडवे महिने आणि उभे प्रदेश. पाऊस, गर्दी, तापमान सगळं भरलं. तक्ता काय सांगत होता ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दक्षिणेला सिसिलीत जायचं तर एप्रिल-मे, नाहीतर सप्टेंबर उलटल्यावर. ऑगस्टमध्येच निघायचं असेल तर उत्तरेचे डोंगर गाठा, तिथे तेव्हाही संध्याकाळी स्वेटर लागतो.

मुलीची शाळा जुलै-ऑगस्टमध्ये बंद, माझी लीव्हही तेव्हाच. बायको म्हणाली, "मग डोंगरातच जाऊ या. बाबांनाही तेच हवंय."

बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून रायगडातल्या गावी एकटेच राहतात. त्यांना बरोबर न्यायचं हे मीच ठरवलं होतं, तेवढं श्रेय मला द्या. फोनवर विचारलं तेव्हा म्हणाले, "मला काय कळतंय इटली न बिटली. पण तोंडातून वाफ निघते ना, तसल्या थंडीत एकदा चालायचंय बघ." त्यांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

आणि मी ऑगस्टची सिसिली बुक केली.

कारण सांगायला लाज वाटते. ऑफिसातल्या एकाने आदल्या वर्षी तिथल्या समुद्राचे फोटो दाखवून आमचं डोकं खाल्लं होतं. मला त्याच्याहून सरस फोटो हवे होते, बाकी काही नाही. बायकोने विचारलं, "आणि बाबांना ऊन सोसेल?" मी हसलो. "अगं, इथेच बहारीनला सित्र्यात बावीस वर्षं पाइप फिटिंग केलंय त्यांनी. त्यांना उन्हाची सवय आहे. तिथलं सदतीस म्हणजे आपल्यासाठी हवा खाणं." तिने पुन्हा विषय काढला नाही. काढून उपयोग नसतो हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

हे बोलणारा मी चौदा वर्षं बहारीनमध्ये आहे, पण मला माहीत असलेलं ऊन पार्किंगपासून दारापर्यंतचं. घरात एसी, गाडीत एसी, आणि गोदामातल्या माझ्या काचेच्या खोलीत तर इतका एसी की भर जुलैत मी जाकीट घालून बसतो. उन्हात असायचे ते बाबा. उन्हाळ्यात दुपारी बाहेरचं काम बंद ठेवायचा नियम आता आहे, त्यांच्या वेळी नव्हता. पहाटे कंपनीची बस कामगारांच्या कॅम्पवरून उचलायची ती अंधार पडता आणून सोडायची. गावी येणाऱ्या पत्रात मात्र एकच वाक्य असायचं, 'इकडे हवा ठीक आहे.' लहानपणी मी ते खरं धरलं. मोठा झालो, शिकलो, त्याच देशात नोकरीला आलो, तरी खरंच धरून बसलो. ते सोयीचं होतं.

बाबा आधी आमच्याकडे बहारीनला आले. बॅगेत नवाकोरा स्वेटर होता. मी तो पाहिला आणि बॅग बंद केली. "थंडी असेल ना रे?" त्यांनी विचारलं. "संध्याकाळी वारा असतो," मी म्हटलं. त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर कदाचित ते म्हणाले असते की तुम्ही जा, मी इथेच थांबतो. तेवढीही संधी मी त्यांना दिली नाही.

सिसिलीतल्या तिसऱ्या दिवशी आम्ही डोंगरावरच्या एका गावात गेलो. दुपारचे दोन वाजले होते. दुकानं बंद, खिडक्या बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. अख्ख्या गावाने दारं लावून घेतली होती, यातच काय ते समजायला हवं होतं. मुलगी म्हणाली, "डॅड, इट्स टू हॉट. लेट्स गो बॅक." मी म्हटलं, "थोड्याच पायऱ्या राहिल्यात, वरून समुद्र दिसतो." बाबा मागून एकेक पायरी चढत होते. मी वर पोचलो, फोन काढला, फोटो जमवला. मागे वळलो तर ते भिंतीला टेकून पायरीवर घसरले होते.

मी धावत खाली आलो. अंग चटका बसेल इतकं तापलेलं, ओठ कोरडे. डोळे उघडे होते, पण त्यांनी मला ओळखलं नाही. माझ्याकडे बघून हात जोडले आणि हिंदीत म्हणाले, "साब, दो मिनट बैठता हूँ. फिर काम पे आता हूँ."

समोरच्या घरातली एक बाई आवाज ऐकून बाहेर आली. तिने आणि बायकोने मिळून त्यांना आत नेलं, ओले टॉवेल गुंडाळले, अँब्युलन्स बोलावली. मी नुसता उभा होतो. त्यांनी मला 'साब' म्हटलं होतं, आणि त्यात त्यांची फारशी चूक झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर होते, सलाईन चालू होतं. मी डॉक्टरांना इंग्रजीत सांगत होतो की यांना खरं तर उन्हाची सवय आहे, गल्फमध्ये खूप वर्षं काढलीत. डॉक्टर म्हणाले, "मग तर यांना जास्त जपायला हवं होतं." बाबांनी बोलण्याचा रोख ओळखला असावा. डॉक्टर गेल्यावर हळूच म्हणाले, "सवय कसली रे? बस यायची, म्हणून जायचो." मग चादर सारखी करत, "तुमची सुट्टी फुकट घालवली मी."

मला तिथेच त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी पाण्याची बाटली भरून आणायला गेलो.

त्यानंतरच्या डिसेंबरची उत्तरेची तिकिटं मी परत येताच काढली, चौघांची. या खेपेला तक्ता केला नाही. पण ऑक्टोबरमध्ये गावच्या डॉक्टरांनी बाबांचं हृदय तपासलं आणि विमानप्रवास बंद सांगितला. मीही सगळं रद्द करतो म्हटल्यावर ते चिडले. "पोरीला का अडवतोस? जा आणि मला फोन कर."

म्हणून आम्ही तिघं गेलो. पहिल्याच दुपारी हॉटेलबाहेर बर्फात उभा राहून मी फोन लावला.

"कशी हाय थंडी?" त्यांनी विचारलं.

"काही विशेष नाही, बाबा," मी म्हटलं. "उगाच नाव मोठं केलंय लोकांनी. तुम्ही आला असता तर कंटाळला असता."

पलीकडे ते हसले. "खोटं बोलू नको. दात वाजतायत तुझे."

मी फोन तोंडापासून लांब धरला. त्यांना वाटलं मी फोन ठेवतोय.

"ठेवू नको रे," ते घाईने म्हणाले. "बोल तसाच थोडा वेळ. ऐकतोय मी."