ओळखीचा देव

आमच्या सासूबाई, म्हणजे आई, देवाशी वऱ्हाडीत बोलायच्या. रविवारी चर्चमध्ये पाळकांची प्रार्थना शुद्ध मराठीत चालायची आणि आईही सगळ्यांबरोबर गंभीरपणे आमेन म्हणायच्या. पण रोज सकाळी ओट्यापाशी चहा उकळत असताना त्या डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि मनातलं मोठ्यानं सांगायच्या. "देवा, यायची शुगर वाढून राहिली. मी साखर लपवून ठेवतो, तं हे शेजारी जाऊन चहा पेतात. आता तूच सांग यायले." 'हे' म्हणजे माझे सासरे, पप्पा. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असत. देवाच्या आधी तक्रार त्यांच्यापर्यंत पोचायची.

मी अकोल्याची, बौद्ध घरातली. विनयशी लग्न करायचं म्हटल्यावर माझे बाबा अडून बसले. मुलात त्यांना काही खोट दिसत नव्हती. "माह्या बापानं धम्म घेतला तं गावानं बोलणं टाकलं होतं," ते म्हणाले. "तो धम्म माही पोरगी नाही सोडाची." इकडे अमरावतीत पप्पांनी, चर्चमधले एक जबाबदार माणूस म्हणून, बाप्तिस्मा घेतल्याशिवाय सून घरात येणार नाही असं सांगून टाकलं होतं.

मग एके दिवशी आई एकट्याच एसटीत बसून आमच्या घरी आल्या. बाबांनी पाणी दिलं, पाऊसपाण्याचं विचारलं, पण विषय काढला नाही. तो आईंनीच काढला.

"भाऊ, मी पोरगी मागाले आली. तिचा धम्म मागाले नाही आली."

"अन् तुमचे मालक?"

"त्यायचं मी पाहून घेतो."

घरी परतून त्यांनी पप्पांना काय सांगितलं, ते मला कधीच कळलं नाही. विनय म्हणतो, भांडण झालं नाही. ते काही दिवस आईंची सकाळची प्रार्थना मात्र फार लांबायची. आमचं लग्न कोर्टात झालं. पप्पा आले, मागे उभे राहिले, आणि फोटोत हसले नाहीत.

मी घरात आले तेव्हा माझ्या बॅगेत बुद्धाची छोटी मूर्ती होती. ती बाहेर काढू की नको, असं मला झालं होतं. आईंनी ती पाहिली, आमच्या खोलीतल्या फळीवरचे डबे हलवले आणि फडक्यानं जागा पुसून दिली. रविवारी बायका त्यांना विचारायच्या, "सून नाही दिसत?" त्यावर आईंचं उत्तर ठरलेलं होतं. "घरी हाये. भाजी करून राहिली. या जेवाले." एक-दोघी खरोखरच आल्या, जेवल्या, आणि तो प्रश्न हळूहळू बंद झाला. पप्पा माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. मला वाईट वाटायचं. आई म्हणायच्या, "त्यायले येळ लागते पोरी. मले हो म्हणालेही लय येळ लावला होता."

पप्पांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचा डावा हात गेला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर इंजिनं खोललेला माणूस सदऱ्याच्या गुंड्यांवर चिडू लागला. एकदा त्यांनी जेवणाचं ताट भिरकावलं. आईंनी वरण पुसून काढलं, दुसरं ताट वाढलं आणि शेजारी बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला सांगितलं, "यायचा राग माह्यावर नाही, हातावर हाये. तेवढं तू समजून घे." पप्पांची दाढी त्या स्वतःच करायच्या. हनुवटी धरून म्हणायच्या, "हलू नका, नाही तं मिशी जाईन." तेवढ्या वेळापुरते पप्पा अगदी शहाण्या मुलासारखे बसायचे.

या सगळ्यात आईंनी स्वतःचं पोटाचं दुखणं पित्त म्हणून अंगावर काढलं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. न राहवून विचारलं, "आई, भीती वाटते का?"

"वाटते नं," त्या म्हणाल्या. "पन देव ओयखीचा हाये." आणि मग मला सांगितलं, पप्पांची मोजे ठेवायची पिशवी कपाटात मागच्या बाजूला आहे.

आई गेल्यावर पप्पा बरेच दिवस घराबाहेर पडले नाहीत. मग एका रविवारी मला पांढरा सदरा मागून, तो घालून, दारापाशी खुर्चीत बसले. विनय मूर्तिजापूरला गेला होता. मी रिक्षा बोलावली, चर्चच्या पायऱ्या त्यांना धरून चढवल्या, बाकावर बसवलं आणि बाहेर थांबायला वळले. त्यांनी माझा हात सोडला नाही.

"बाहीर कावून? इथं बस." थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले एकट्याले बसवत नाही."

मी बसले. गाणं सुरू झालं. त्यांना एका हातानं गाण्यांचं पुस्तक धरून पान उघडता येईना, म्हणून मी ते हातात घेतलं. आता बहुतेक रविवारी मी त्यांच्याबरोबर जाते. मला ती गाणी येत नाहीत. पप्पा गातात, मी पान उलटते.