बंदुकीची चौकशी करणाऱ्या बाई

गोवा घटक राज्य झालं, त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या बाई पार्से गावात आमच्या घरी आल्या. काजूच्या बागेच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक ठेवणाऱ्या घरांचा त्या विद्यापीठासाठी अभ्यास करत होत्या. नाव सांगितलं असेल, पण मी ऐकलं कुठे? प्रेक्षक मिळाल्याच्या आनंदात होतो.

मी सोप्यावर ओणवा होऊन रानडुक्कर झालो, मग शिकारी झालो, शेवटी मेलेलं डुक्करही झालो. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"लिहीत नाही?" मी विचारलं.

"डुकराची गोष्ट मला प्रत्येक घरात मिळते," त्या हसून म्हणाल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे वळल्या. "वहिनी, घरात बंदूक आहे, तर तुम्ही काय करता?"

"ती काय करतली? दसऱ्याक फूल वाहता," मीच उत्तर दिलं.

"काडतुसां लपवतंय," बायको म्हणाली. "ह्यांचा भावाशी बांधावरून भांडण झाला, त्या दिवसापासून. वरीस होत इला."

बाईंनी पेन उघडून ते लिहून घेतलं.

म्हणजे वर्षभर मी रिकामी बंदूक खांद्यावर टाकून बागेत मिरवत होतो. भांडणाच्या दुपारी ती खुंटीवरून काढली, ती फक्त पुसायला, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. बाई चहा संपवून शेजारच्या घरी गेल्या.

काडतुसं कुठे आहेत, हे मी बायकोला अजून विचारलेलं नाही.