भीतीचं प्रकरण

सर शाळेत भाषा शिकवायचे. निवृत्त झाले तरी गल्लीत, दुकानात, दवाखान्यात त्यांना सगळे सरच म्हणत आणि सरही दुकानाच्या पाटीवरची वेलांटी चुकलेली दिसली की दुकानदाराला सांगितल्याशिवाय पुढे सरकत नसत. त्यांच्या मुलीच्या सासूबाई, म्हणजे सरांच्या विहीणबाई, तरणतलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवत. उंच, खणखणीत आवाजाच्या बाई. एका प्रकाशकानं त्यांच्याकडे चाळिशीनंतर पोहायला शिकणाऱ्यांसाठी पुस्तक मागितलं. विहीणबाईंनी लिहून बघितलं, तर सगळी हुकमाची वाक्यं झाली. पाय मारा. श्वास सोडा. घाबरू नका.

"बाबांना विचारा ना," मुलगी म्हणाली. "त्यांना रिकामपण खायला उठलंय."

सर हरखून गेले. विहीणबाईंच्या जेवणाच्या टेबलावर बैठका सुरू झाल्या. वर्ग संपवून बाई ओल्या केसांनीच येऊन बसायच्या, हातवारे करून सांगायच्या आणि सर त्याचं घडीव मराठी करायचे. दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीत बाईंनी सहज विचारलं, "सर, तुम्हाला पोहता येतं ना?"

समोर जावई चहा घेऊन उभा होता. सरांनी मान हलवली. ती होकारार्थी हलली.

एवढंच झालं. खोटं बोलावं असं त्यांच्या मनातही नव्हतं. पण मान हलून गेली आणि नंतर ती परत कशी घ्यायची ते त्यांना कळेना. घरी बायकोला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता थांबली. "अहो, तुम्ही आंघोळीला बसलात तरी डोक्यावरून तांब्या ओतून घेत नाही. सांगून टाका उद्या." सर उद्या सांगणार होते. रोजच उद्या सांगणार होते.

श्वासाचं प्रकरण झालं, हातापायांचं झालं. मग बाई म्हणाल्या, "भीतीचं प्रकरण तुम्हीच लिहा. मी लहानपणापासून पाण्यात. भीती कशी असते ते मला आठवतच नाही."

सरांनी लिहिलं. मनाचा तळ, अज्ञाताची हाक, असं बरंच काही. विहीणबाईंनी शांतपणे वाचलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण सर, हा माणूस खुर्चीत बसून घाबरतोय. त्याच्या नाकात पाणी कुठं गेलंय? तुम्ही असं करा, उद्या तलावावर या. माझ्या लोकांबरोबर जरा उतरा, त्यांच्याशी बोला. मग परत लिहू."

सरांनी सर्दी पुढे केली, मग कान, मग गुडघा. शेवटी कारणं संपली. पोहण्याची चड्डी आणावी लागली. ती दुकानात मागतानाही त्यांनी "भाच्यासाठी" असं सांगितलं.

सकाळच्या वर्गात दहा-बारा जण होते, सगळे पोक्त. सर खांद्याभोवती टॉवेल घट्ट लपेटून, पोट आत ओढून आले. विहीणबाईंसमोर उघड्या अंगानं उभं राहायचं या एका विचारानंच त्यांना घाम फुटला होता. त्यात बाईंनी टाळी वाजवली.

"हे आपल्या पुस्तकाचे लेखक. आज सर तुम्हाला पाठीवर तरंगून दाखवतील."

सर शिडी उतरले. पाणी छातीला लागलं आणि श्वास वरच्या वर अडकला. त्यांनी काठाची दांडी दोन्ही हातांनी धरली. सगळे बघत होते.

"सोडा हात, सर."

"मला येत नाही," सर पुटपुटले.

"काय?"

"मला पोहता येत नाही."

वरचं छप्पर पत्र्याचं होतं. वाक्य सगळीकडून घुमून परत आलं. कुणीतरी खोकलं. जमीन दुभंगेल तर बरं असं माणसाला वाटतं, पण सरांच्या पायाखाली जी जमीन होती तिचाच त्यांना भरवसा वाटत नव्हता.

विहीणबाईंचा चेहरा पडला. वर्गाला पलीकडे पाय मारायला लावून त्या स्वतः पाण्यात उतरल्या. "मी धरते. मान माझ्या हातावर सोडा." सरांनी डोळे मिटून मान सोडली. कान पाण्याखाली गेले, जग बंद झालं आणि ते जे धडपडले ते थेट विहीणबाईंच्या दंडात नखं रुतवून, नाकातोंडातून पाणी काढत उभे राहिले. बाईंच्या दंडावर लाल ओरखडे उमटले होते.

त्यानंतर सर घराबाहेर पडेनात. मुलीचा फोन आला, तो त्यांनी घेतला नाही. पुस्तक दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या, असा निरोप बायकोकरवी धाडला. निरोप मिळाला तशा विहीणबाई दारात हजर झाल्या. सरांना आतल्या खोलीतून बाहेर यावंच लागलं. त्यांची नजर बाईंच्या दंडाकडे गेली आणि तिथून हलेना.

"मी तुमच्याशी खोटं बोललो," सर म्हणाले. "आणि वर तुम्हाला बोचकारलं."

"बोचकारण्याचं सोडा, रोजचं आहे ते. पण खोटं बोललात याचा राग आलाय मला, तो आहेच." बाई खुर्ची ओढून बसल्या. "आणि लाजही वाटली. घाबरलेला माणूस मी काठावरून ओळखते म्हणून सांगत फिरते. तुम्ही इतके महिने समोर बसलात आणि मला कळलं नाही. भरीत भर, मी तुम्हाला सगळ्यांपुढे उभं केलं."

मग सरांची बायको म्हणाली, "आता दोघांची लाज काढून झाली असेल तर चहा टाकते."

चहा घेताना नवी पद्धत ठरली. सर शिकायला येणार आणि वर्ग सुटल्यावर काय काय झालं ते सांगणार. लिहिणार मात्र विहीणबाई. "तुम्ही लिहिलंत की भीतीलासुद्धा इस्त्री होते," त्या म्हणाल्या. सरांनी फक्त शुद्धलेखन बघायचं.

हे सरांना जड गेलं. पाण्यात आणि टेबलावर, दोन्हीकडे. बाई विचारत, "मग काय वाटलं?" सर म्हणत, "एक प्रकारची असहायता." बाई पेन खाली ठेवत. मग सर मान खाली घालून सांगत, की पाण्यातच थोडी लघवी झाली. बाई न हसता लिहून घेत. एकदा सरांनी त्यांच्या वाक्यात हळूच एक सुंदर विशेषण घुसवलं. बाईंनी ते खोडलं. सरांनीही बाईंचं एक "घाबरू नका" खोडलं. "हे ऐकून कुणी घाबरायचं थांबत नाही, विहीणबाई. उलट आपण घाबरतोय हे सगळ्यांना कळलं असं वाटतं." बाईंनी बराच विचार केला आणि पुस्तकभर शोधून ते वाक्य जिथे जिथे होतं तिथून काढून टाकलं. त्या दिवशी पहिल्यांदा सरांना आपलाही काही उपयोग आहे असं वाटलं.

पुस्तक निघालं, दोघांच्या नावानं. चांगलं खपलं. लोक सगळ्यात जास्त भीतीच्याच प्रकरणाबद्दल बोलत. सर घाईघाईनं म्हणत, "ते त्यांनी लिहिलंय." विहीणबाई म्हणत, "घडलं सगळं यांच्याच बाबतीत." जावयानं ते प्रकरण घरात मोठ्यानं वाचायला घेतलं, तेव्हा सर उठून गॅलरीत गेले आणि संपेपर्यंत आत आले नाहीत.

सर आता पाठीवर तरंगतात. खोल भागाकडे जात नाहीत. लाज काही गेलेली नाही. कपडे बदलताना ते अजून भिंतीकडे तोंड करतात. परवा काठावर एक धिप्पाड गृहस्थ टॉवेल घेऊन बराच वेळ उभे होते. त्यांनी जवळ येऊन हळूच विचारलं, "पुस्तकातले ते सर तुम्हीच का?"

सरांचे कान तापले. "हो," ते म्हणाले.

"मी पहिल्यांदाच आलोय."

"बरं," सर म्हणाले. "टॉवेल इथं ठेवा. पाणी गार आहे, सांगून ठेवतो."